सुकी

पौषातली कोवळी उन्हं परसात उतरली की कमलच्या दोरीवरची फडकी उजळून निघत. जुन्या लुगड्यांची, धुऊन धुऊन मऊ झालेली ती चौकोनी फडकी वाऱ्यावर हलत राहत, आणि साबणाचा ओला वास आमच्या कुडापर्यंत येई. मुरबाडकडच्या या पाड्यात आमची परसं एकमेकांना लागून. त्यामुळे कमलचा दिवस कसा गेला हे मला तिच्या तोंडापेक्षा त्या दोरीवरूनच आधी कळायचं.

तिची तनू पाठीवर गाठ घेऊन जन्मली. गाठ काढली, पण खालच्या शिरांना जाग आली नाही. लघवी कधी साठली, कधी सुटली, हे पोरीला कळत नसे. शहरातल्या डॉक्टरांनी कमलला बारीक नळी घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवलं. रोज, दिवसातून अनेकदा, जन्मभर. लावणीच्या ऐन घाईतही ती बांधावरून उठून यायची, चिखलाचे हात साबणाने घासायची आणि नळी सरकवताना तनूला कोंबड्यांच्या भांडणाच्या गोष्टी सांगायची. तनू खुदकन हसायची. एवढी हळुवार बोटं मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाहीत. तरी मधूनमधून फडकं भिजायचंच, आणि अंगणवाडीतली पोरं नाक दाबायची. ते कमलला नळीपेक्षा जास्त टोचे.

म्हसा गावच्या जत्रेत तिने पदर पसरला. "देवा, माजी पोर सुकी राहू दे. दुसरा काय नाय मागत."

होळी सरली आणि फडकी खरोखरच कोरडी निघू लागली. "ताई, बघ गो, रातभर सुकी!" म्हणत ती कुडाशी धावत आली. दोरी रिकामी झाली. मोरीवर बसवली की थोडीथोडी लघवी व्हायची, म्हणून नळी डब्यात घालून तिने फडताळावर ठेवली, "आता कशाला टोचू पोरीला?" पुढच्या जत्रेत नवस फेडला तेव्हा मी सोबत होते. तनूला नवा झगा होता, आणि कमल नव्या नवरीसारखी लाजत, हसत चालली होती.

मग तनूचा चेहरा सुजू लागला. ताप उतरेना. डॉक्टर म्हणाले, लघवीच्या पिशवीचं तोंड आवळलं होतं. आत उरून तुंबलेली लघवी उलटी चढून मूत्रपिंडं निकामी झाली. "पण सुकी होती ओ, डाक्टर," एवढंच कमल पुन्हापुन्हा म्हणत होती. तिने मागितलं तेच देवाने दिलं होतं, शब्दाला शब्द. मला त्या देवाचा राग येतो, आणि त्या शब्दाचा त्याहून अधिक.

आषाढात तनू गेली.

दोरी तशीच रिकामी राहिली. याच रिकामेपणाकडे पाहून आम्ही एकदा हरखून गेलो होतो, हे आठवलं की मला परसात उभं राहवत नाही. परवा पौषाची उन्हं उतरली, तेव्हा कमल एक कोरं फडकं घागरीत बुडवून, न पिळताच, दोरीवर टाकत होती. ते ठिबकत होतं तोवर ती जवळ उभी राहिली. आठवणीलाही ऊन लागतं. कमल ती रोज सकाळी ओली करते, आणि दुपारपर्यंत ती पुन्हा सुकून जाते.