ओकुबिरीची टाकी

ते साल १९७५. तेलाचे भाव कडाडले होते, राजधानीत पुलावर पूल चढत होते, आणि नायजर नदीच्या मुखाशी आमच्या ओकुबिरीत रात्रीही उजेड असायचा. गावामागे तेल कंपनीची गॅसची ज्वाळा अखंड जळायची. तिच्या झळीवर आम्ही बायका कसावाच्या कंदाचा कीस वाळवायचो. घरात मात्र एक दिवा नव्हता, आणि खाडीवर तेलाचा तवंग.

अलाएरे मावशीची दोन नातवंडं त्या पाण्यानं गेली. तिसरा, बोमा, हगवणीनं अंथरुणाला खिळला होता. कंपाउंडर म्हणाला, चांगलं पाणी पाजा, एवढंच औषध. म्हणून सरकारनं पाण्याच्या टाकीची गोष्ट काढली तेव्हा मावशीनं आपला कसावाच्या शेताचा एकुलता तुकडा तिच्यासाठी देऊन टाकला.

उद्घाटनाला इनीमो आला, कंपनीच्या गोऱ्या साहेबांना घेऊन. आता राज्याचा आयुक्त, पण पलीकडच्याच खाडीतला. लहानपणी मावशीच्या हातचे भाजलेले मासे खाल्लेला. त्यानं फीत कापली, नळ सोडला. पाणी आलं, टाळ्या पडल्या. मी घागर घेऊन धावले. अर्धी भरली, आणि नळ खाकरून गप्प झाला. टाकीमागे जाऊन बघते तर होडीतून आणलेले चार रिकामे डबे. विहीर नाही, पाइप नाही.

मी मावशीला सांगितलं. ती तडक खाडीवर गेली आणि पेला भरून आली.

आमच्याकडे गावातली सर्वांत वडील बाई पाहुण्याला दारूचा पेला देते. आधी घोट तिचा, मग त्याचा. पाहुण्यानं पेला नाकारला तर गाव त्याच्याबरोबर बसत नाही.

"घे, इनीमो."

"मावशी, हे काय? पाणी?"

"तुझ्या टाकीतलं संपलं रे बाबा. म्हणून खाडीतलं आणलं." तिनं घोट घेतला. ओठ तेलानं चमकले. "घे की. आता तू."

"पाहुण्यांसमोर तमाशा नको," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "पुढच्या पंचवार्षिक योजनेत विहीर देतो."

"बोमा तोवर हेच पिणार. तू एक घोट पी."

इनीमोनं पेला खाली ठेवला.

अख्खं गाव उठलं. मेजवानीसाठी शिजलेल्या बकऱ्याला कुणी बोट लावलं नाही. कंपनीचे गोरे साहेब विचारत राहिले, काय झालं, काय झालं? सांगू शकला असता तो इनीमोच, आणि तो बुटांकडे बघत होता.

ती अर्धी घागर बोमाला चार दिवस पुरली. दोन महिन्यांनी तो गेला. मावशी ज्वाळेपाशी दुसऱ्यांचा कसावा वाळवत राहिली. आधी तिचे डोळे गेले, मग ती. टाकी अजून उभी आहे, कोरडी, इनीमोच्या नावाच्या पाटीसकट. ज्वाळाही जळतेच आहे. आता मी गावातली सर्वांत वडील बाई.

इनीमो मंत्री झाला, राजधानीतल्या त्याच्या बंगल्यात पोहायचा तलाव होता म्हणे. गेल्या साली तो वारला, त्याला मातीसाठी पलीकडच्या खाडीतल्या त्याच्या गावी आणलं. त्याच्या मुलानं मला निरोप धाडला, "आजी, आता तरी या. मेल्या माणसावर कसला राग?"

ओकुबिरीतून एकही माणूस त्याच्या मातीला बसायला गेला नाही.