उद्याच्या भावांवर

आठ वर्षं मी शुद्ध गणित केलं. शिष्यवृत्ती संपली तशी मुकाट्यानं कुंभकोणमला घरी आले नि बाजाराचं गणित शिकायला बसले. चार कंपन्यांनी नाही म्हटलं. ही पाचवी नि शेवटची. हीही गेली तर सोमवारपासून तिरुविडैमरुदूरच्या शाळेत मी शिकवायला येते, असं अप्पांनी परस्पर कबूल करून ठेवलं होतं. मला विचारायचं कशाला म्हणा.

सकाळी अकराला रविशंकर लॅपटॉपवर आले, कंपनीतले वरिष्ठ. दहा वर्षांचे भाव देऊन शेअर कधी घ्यायचा, कधी विकायचा याची रीत त्यांनी माझ्याकडून बसवून घेतली होती. भाव सरासरीखाली गेला की घ्यायचा, वर गेला की विकायचा, अशी माझी रीत. त्या जुन्या भावांवर निघालेला नफा बघून गडी खूश. "श्रीविद्या, नेमणुकीचं पत्र तयार आहे. फक्त सांगा, सरासरी कशाची घेतलीत?"

"सगळ्या दहा वर्षांची," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच चूक दिसली.

दहा वर्षांची सरासरी पहिल्याच दिवशी कुठून येणार? शुद्ध गणितात अख्खी श्रेणी एकदम समोर असते, पहिलं पद नि हजारावं पद सारखंच हाताशी. बाजारात उद्या कुणालाच ठाऊक नसतो. मी उद्याच्या भावांवर आज सौदे केले होते. एवढी शिकलेली गाढव जिल्ह्यात दुसरी नसेल.

ते मान डोलावत होते. त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. दाराशी अप्पा कॉफी घेऊन उभे. गप्प बस गं, मी स्वतःला बजावत होते, आणि स्वतःचाच संताप येत होता.

"सर, माझी चूक झालीय. तो नफा खोटा आहे."

त्यांचा चेहरा उतरला. "खरा किती?"

"वीस मिनिटं द्या."

"दहा."

रोज फक्त मागचेच भाव वापरायचे, एवढंच बदललं नि पुन्हा चालवलं. नफा जेमतेम बँकेच्या ठेवीइतका निघाला. मी तो वाचून दाखवला.

"यावर वडिलांचे पैसे लावाल?"

"नाही."

त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मग म्हणाले, "ते पत्र आता देता येणार नाही. दुसरी एक जागा आहे, इतरांच्या रीतींतल्या चुका शोधायची. पगार कमी आहे."

"कमी का? आत्ता तुम्हाला बुडण्यापासून कुणी वाचवलं?"

अप्पांनी कपाळावर हात मारला. रविशंकर पुढे सरकले. "बरं. तुम्हीच सांगा, किती हवा?"

मी कोरा कागद पुढे ओढला नि पेन उघडलं. माझी किंमत मला आजवर कुणी विचारलीच नव्हती.