सरांचं चौथं प्रकरण

कॉलेजातली तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी सोडली आणि मी धाराशिवात घरी बसून दुसऱ्यांचे इतिहासाचे ग्रंथ संपादित करायला लागले. अम्मी म्हणते, “लोकांची लेकरं न्हाऊमाखू घालती बघा आमची अलिजा!” घालते की. घर त्यावरच चालतं.

गेल्या महिन्यात कृष्णराज सरांचं पुस्तक माझ्याकडं आलं. सर माझे पीएचडीचे गाईड. निजामकाळातल्या विहिरी आणि बारवांपायी त्यांनी सारी उमर घातली. त्यांचा सगळा जीव चौथ्या प्रकरणात. तेरणाकाठच्या एका गावची बारव मोठ्या दुष्काळात, लोकांच्या हाताला काम म्हणून खणली, असं त्यात म्हटलं होतं. पुरावा एकच, एक उर्दू हुकूम, सन १२९५. सरांनी ते हिजरी धरलं. म्हणजे इसवी १८७८, ऐन दुष्काळ.

मी हुकुमाचा फोटो मोठा करून पाहिला. महिना होता खुरदाद. या अल्ला! हिजरीत मोहरम असतो, रमजान असतो, खुरदाद कुठून येणार? तो निजामाच्या फसली, म्हणजे शेतसाऱ्यासाठी चालवलेल्या, सनातला महिना. फसली धरलं की साल निघतं १८८६. तोवर दुष्काळ सरून लोक पार विसरले असतील. प्रकरण झोपलं सगळं.

खरं सांगू? आधी मला आनंदच झाला. सरांच्या नजरेतून सुटलं ते मला दिसलं होतं. मुलाखतीत ‘तुम्ही नवीन काय शोधलंत?’ विचारून मला वाटेला लावणारे सगळे आठवले. माझ्या नावावर झकास लेख झाला असता. मी फाईल तशीच ठेवून मनात लेख लिहायलाही लागले. मग माझाच मला राग आला आणि सरांना फोन लावला.

“सर, ते साल फसली आहे. महिना बघा.”

सर भडकले. “तुला भाषा बघायला दिलंय ना? मग तेवढंच बघ!”

“मग जाऊ द्या तसंच छापायला! लोक हसतील, सर.”

कागद चाळल्याचा आवाज आला.

“खुरदादच आहे,” सर म्हणाले. आवाज अगदी बसला होता. “हे मीच तुला शिकवलं होतं गं. काढून टाक ते प्रकरण. लेख तू लिही, तुझ्या नावानं. ते तुझंच आहे.”

इतकी वर्षं जे मागून मिळालं नाही, ते सर आपण होऊन देत होते. घेतलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. पण त्या हुकुमासाठी हैदराबादला खेटे सरांनी घातले होते. उन्हातान्हात बारवेत सर उतरले होते, मी न्हाय.

“काढायचं नाही,” मी म्हटलं. “दुष्काळ नव्हता तर एवढी बारव कुणी खणली, कशासाठी? हा सवाल लई भारी आहे, सर.”

“आणि ते लिहिणार कोण?”

“तुम्ही. मी वाचून शंका काढीन.”

सर ‘बरं’ म्हणाले. फोन ठेवला आणि मी हमसून हमसून रडले. कॉलेज सोडताना डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. तेव्हा नुसती नोकरी सुटली होती; संशोधन सुटलं ते त्या दुपारी.