फुकटचे तीन राखणदार

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो बायकोच्या परीक्षेसाठी. मकेरेताने एक्कावन्नाव्या वर्षी दवाखान्यातल्या मदतनिसाचा कोर्स धरला होता. शेवटची परीक्षा शनिवारी दहाला, घरूनच द्यायची. मागच्या वेळी ती तापाने फणफणली आणि परीक्षा बुडाली. ही दुसरी संधी, तिसरी मिळत नाही.

कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला तर सगळं जातं, असं होडीत कुणीतरी बोललं आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं. आमच्या बेटावर कुणी काही दिलं तर नाही म्हणायचं नसतं. दोन्ही हातांनी घ्यायचं आणि तळवे पोकळ करून टाळी वाजवायची. पुतण्या तेवीता सुवा शहरातून फुकटचा अँटीव्हायरस घेऊन आला. मी टाळी वाजवली. पास्टर इलाइतियांनी स्वतःच्या हाताने दुसरा बसवला. पुन्हा टाळी. तिसरा माझ्या मेव्हण्याचा, वाइसेयाचा. मी म्हटलं, दारात एका कुत्र्यापेक्षा तीन बरे. अक्कल नुसती उतू चालली होती माझी.

गुरुवारी मकेरेता सरावाचा पेपर सोडवायला बसली. चुलीवर कसावा शिजला तरी पडद्यावरचं चक्र फिरतच होतं. मग तीन चौकोन एकदम उघडले. एक म्हणे धोका आहे, दुसरा म्हणे पहिलाच चोर आहे, तिसरा म्हणे पैसे भरा. पेपर मध्येच अडकला.

मकेरेताने फोनवर कोर्सच्या मदतीचं पान उघडलं, चष्मा लावून सगळं वाचलं.

"एका कॉम्प्युटरवर एकच चालतो," ती म्हणाली. "जास्त झाले की आपसातच भांडतात."

"मग कुणाचा ठेवायचा? तेवीताचा ठेवला तर पास्टर रुसणार. पास्टरांचा ठेवला तर तुझा भाऊ जन्मभर टोमणे मारणार."

"तो तसाही मारतोच. कुणाचाच ठेवायचा नाही. कॉम्प्युटरबरोबरच एक आलाय, तोही फुकटच. हे तिघे आले म्हणून तो बिचारा बाजूला झालाय. हे गेले की आपोआप कामाला लागेल."

"अगं, पण दिलेलं परत कसं करायचं?"

"टाळ्या कुणी वाजवल्या? तुम्ही. मग माफीची मुळी घ्या आणि जा."

आमच्याकडे माफी किंवा परवानगी मागायची तर यांगोनाची, म्हणजे कुटून पेय करायच्या झाडाची, मुळी पुढ्यात ठेवतात. शुक्रवारी मी अशा मुळ्यांच्या तीन जुड्या कागदात बांधून तीन दारांत मांडी घालून बसलो. तुमची भेट मोठी, आमचं यंत्र लहान, काढायची परवानगी द्या, असं तिन्हीकडे म्हटलं. तेवीता लाजला. पास्टर म्हणाले, "असल्या कामाला मुळी घेऊन येणारा तूच पहिला," आणि हसत ती ठेवून घेतली. वाइसेयाने मात्र उलटतपासणी घेतली.

"पास्टरांचाही काढणार?"

"हो."

"तेवीताचा?"

"तोही."

"मग माझाही काढ. माझ्या बहिणीची परीक्षा, आणि तू गावभर टाळ्या वाजवत फिरतोस होय रे?"

संध्याकाळी मकेरेताने तिन्ही काढून कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. कोपऱ्यात छोटी हिरवी खूण आली. शनिवारी दहाच्या ठोक्याला परीक्षेचं पान झटकन उघडलं. मला इतकं हलकं वाटलं की डोळेच भरून आले. ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी बाहेर पायरीवर आलो. तिथे तिघेही देणगीदार आधीच येऊन बसले होते.

बाराला मकेरेता बाहेर आली.

"सगळं सोडवलं," ती म्हणाली. "पास होईन मी."

वाइसेयाने तिचा हात धरला, बराच वेळ सोडला नाही. मग खिशातून पेन ड्राइव्ह काढत माझ्याकडे वळला. "भावजी, यात एक फुकटचा प्रोग्राम आहे, कॉम्प्युटर दुप्पट पळतो म्हणे."

मकेरेताने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांवर घट्ट बसून राहिलो.