तिधारीचा चीक

माधव नगरातल्या त्या घरात दोघी बहिणीच राहायच्या. थोरली शोभा शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेली, धाकटी मुक्ता पोस्टातून. लग्न दोघींचंही झालं नाही. शोभाचा दिवस पुस्तकांत जाई, मुक्ताचा छतावर. तिथं मांसल पानांच्या झाडांच्या कुंड्या होत्या. काही खड्यांसारखी दिसणारी, काही कमळासारखी उमललेली. सगळ्यांत उंच होती ती तिधारी, थोर जातीचं तीन कडांचं निवडुंग, शोभाच्या खांद्याला लागणारी. ही झाडं पाण्यानं मरतात, हे मुक्ता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

थंडीत ग्वाल्हेरला मामेभावाच्या मुलीचं लग्न निघालं. शोभाचे गुडघे दुखत होते, म्हणून मुक्ता एकटीच गेली. निघताना म्हणाली, "ताई, गमल्यांना पाणी घालू नकोस. काहीच करू नकोस."

मागोमाग मावठ्याचा अवकाळी पाऊस आला आणि थांबेचना. शोभा छत्री घेऊन वर गेली. जमतील तेवढ्या कुंड्या जिन्यात ओढल्या, पण तिधारीची कुंडी तिला हलली नाही. ऊन पडल्यावर पाहिलं, तर बुंध्याच्या जरा वर तपकिरी डाग होता. बोटानं दाबला तर मऊ लागला.

तिनं व्हिडिओ कॉल लावला. मुक्ताच्या मागे बायकांचा गलका चालू होता.

"सडायला लागलंय," मुक्ता म्हणाली. "आजच कापलंस तर वाचेल. डागाच्या वर, चांगला हिरवा भाग लागेल तिथं काप. वरचा तुकडा सावलीत सुकत ठेव."

"मला जमेल?"

"जमेल गं. सुरी तेज घे. आणि हे बघ..."

तेवढ्यात कुणीतरी हाक मारली, "मुक्ताआत्या, फोटो राहिलेत!"

"ठेवते ताई, नंतर बोलते," असं म्हणून मुक्तानं फोन बंद केला.

शोभानं स्वयंपाकघरातली सुरी नेली. पातं आत शिरताच पांढरा चीक उसळून बोटांवर, मनगटावर ओघळला. तुकडा जड होता, एकदम कलला. तो सावरायला ती वाकली आणि चिकाची चिळकांडी तिच्या उजव्या डोळ्यात उडाली. तिनं त्याच हातानं डोळा चोळला. मग नळावर पाण्याचे चार हबके मारले आणि आग सोसत पडून राहिली.

संध्याकाळी मुक्ताचा फोन आला.

"कापलं का?"

"कापलं. सावलीत ठेवलंय."

"काही त्रास नाही ना झाला?"

"छे. तू लग्न बघ."

दुसऱ्या दिवशी पापणी सुजून मिटली. शोभा रिक्षानं देवास गेटला गेली. तिथल्या एका मेडिकलवाल्यानं चिठ्ठीबिठ्ठी न विचारता ड्रॉप दिला. "आंटी, डालते रहो, आराम हो जाएगा." आराम पडलाही. लाली उतरली, म्हणून ती ड्रॉप घालत राहिली. फोनवर सगळं ठीक आहे म्हणत राहिली. मग त्या डोळ्याला खिडकीची नुसती उजेडाची चौकट दिसू लागली.

मुक्ता परतली, तेव्हा दार शोभानंच उघडलं. तिच्या बुबुळावर पांढरा ठिपका होता. मुक्तानं बॅगही आत नेली नाही. तशीच टॅक्सी करून ती बहिणीला इंदूरला घेऊन गेली.

"आँख में क्या गिरा था?" डॉक्टरांनी विचारलं.

शोभा बोलायच्या आत मुक्ताच म्हणाली, "थोर का दूध."

डोळ्यात जखम झाली होती, तिच्यावर बुरशी धरली होती आणि त्या ड्रॉपमधल्या स्टेरॉइडनं ती वाढली होती. पुष्कळ औषधं झाली. शेवटी बुबुळाला भोक पडलं आणि डोळा काढावा लागला.

ऑपरेशननंतर मुक्ता खाटेजवळ बसली होती.

"ताई, चीक डोळ्यात जाऊ देऊ नकोस, हे मी तुला सांगितलंच नाही. मी स्वतः हातमोजे घालते, चष्मा घालते. तुला सांगायचं राहून गेलं."

"सांगितलं होतंस," शोभा म्हणाली. "मीच घातले नाहीत."

"नाही सांगितलं. मला पक्कं आठवतंय."

"लग्नाच्या गडबडीत होतीस. तुला काय आठवणार? सांगितलं होतंस, मुक्ता." आणि वर्गात एखादा प्रश्न संपवावा तसा तिनं तो विषय संपवला.

घरी आल्यावर मुक्तानं सगळ्या कुंड्या नानाखेड्यातल्या एका ओळखीच्या बाईंना देऊन टाकल्या. तिधारीचे दोन्ही भाग पोत्यात बांधून तिनं कचरागाडीत टाकले. छत धुऊन घेतलं. नंतर ती वर फारशी गेली नाही.

भेटायला माणसं येत. एकदा बहिणींचे मावसभाऊ भय्यासाहेब आले. कसं झालं, असं त्यांनी विचारलं.

"मुक्तानं बजावलं होतं, हातमोजे घाल म्हणून," शोभा म्हणाली. "माझाच हट्टीपणा नडला."

"पाहा," भय्यासाहेब मुक्ताकडे वळले. "तू तरी बिचारी आणखी काय करणार होतीस?"

मुक्ता चहा ठेवायला आत गेली. ते जाईपर्यंत बाहेर आली नाही. दार लागल्यावर ती म्हणाली, "ताई, लोकांना हे सांगत जाऊ नकोस."

"मग काय सांगू?"

मुक्ता कपबश्या उचलू लागली. पुढच्या रविवारी शेजारच्या बाई आल्या. त्यांनाही शोभानं तेच सांगितलं आणि मुक्ता पुन्हा आत निघून गेली.