गंधकाचं लोशन

"वास येते म्हणून धुऊन टाकलं?" रहमत कंपाउंडरनं हातातला बत्ता टेबलावर आदळला. "इंदूबाई, गंधकाले गंधकाचाच वास येईन. मोगऱ्याचा कुठून आणू?"

आर्णीच्या दवाखान्यात त्याची सतरा वर्षं गेली होती. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. बाकीचे दिवस खरूज, नायटे, गळवं आणि लोकांची अक्कल, सगळं रहमतच्या वाट्याला. इंदूबाईंची मुलगी पंचफुला भिंतीकडे तोंड करून उभी होती. मॅट्रिकचं वर्ष. गालांवर, हनुवटीवर लालबुंद, टणक, पू धरलेल्या पुटकुळ्या; नुसतं बोट लागलं तरी कळ मस्तकात जावी अशा. महिन्यापूर्वी रहमतनं गंधक, जस्ताची पांढरी भुकटी आणि गुलाबपाणी घोटून तिला लोशन दिलं होतं. फुकट.

"मंग आता काय लावून राह्यले?"

इंदूबाईंनी पदराआडून एक डबी काढली. बाजारात आलेल्या फिरत्या विक्रेत्याकडून चार रुपयांना घेतलेलं मलम. "आठ दिवसांत तोंड आरशावानी होते म्हने."

"डबीवर ना नाव, ना गाव. आत काय हाय, कोनाले मालूम? आन याच्या आधी?"

"हळद लावली. मंग माह्या जावेनं बाभळीच्या काट्यानं फोडून देल्ल्या."

"काट्यानं!" रहमतनं कपाळावर हात मारला.

"आता फुकटच्या दवाईवर कोनाचा भरोसा बसते, भाऊ?"

इंदूबाई खोटं बोलत नव्हत्या. सतरा वर्षं याच एका गोष्टीनं त्याचं डोकं उठलं होतं.

पंचफुला भिंतीकडे बघतच म्हणाली, "मी शाळेत नाई जात आता. फळ्यापाशी उभं केलं का सारे माह्या तोंडाकडेच पाह्यतात."

रहमतचा आवाज जरा उतरला. "रोज शाळेच्या आधी इथं ये. माह्यासमोर तोंड धुवायचं, माह्यासमोर लावायचं. दोन महिने."

"दोन महिने?"

"मंग आठ दिवसांत बरं करायले मी काय जादूगार हाव?"

"आन दोन महिन्यानं सारं जाईन, चाचा?"

रहमतनं तिच्या गालाकडे पाहिलं. काटा जिथं खोल गेला होता, त्या जागा त्याला दिसत होत्या. "जाईन," तो म्हणाला आणि फळीवरच्या बाटल्या उगाच सारख्या करू लागला.

ती येत राहिली. लोशन वाळून चेहऱ्यावर पांढरा थर चढायचा, चरचरायचं. तिसऱ्या आठवड्यात कातडी सुटू लागली तेव्हा ती भांडली. रहमतनं तिला दुप्पट आवाजात झापलं. मधेच इंदूबाई उमरखेडहून आणलेला ताईत घेऊन आल्या. "गळ्यात घाला, पन तोंडाले लावू नका," असं म्हणून त्यानं त्यांना वाटेला लावलं. पाचव्या आठवड्यात सूज उतरली.

दोन महिने भरले त्या सकाळी पंचफुला खिडकीच्या काचेत बराच वेळ पाहत राहिली. गाठी गेल्या होत्या, पू गेला होता. दोन्ही गालांवर बारीक, खोल खड्डे मात्र राहिले होते.

"हे कवा भरतीन?"

"हे नाई भरत, बेटी."

"तुमाले पहिल्या दिवशी मालूम होतं?"

"होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू आली असती?"

ती निघून गेली. रहमत दिवसभर सगळ्यांवर खेकसला. एका म्हातारीला खोकल्याच्या औषधाऐवजी पोटाचं देता देता थांबला.

पाच दिवस ती फिरकली नाही. सहाव्या दिवशी, दवाखान्यात गर्दी असताना आली ती एका लहान मुलीला मनगटाला धरून ओढतच. शाळेतली, आठवीतली असावी. हनुवटी हातानं झाकलेली. रहमतला एका नजरेत कळलं, आणि त्याच्या जिभेवर सगळं तयार होतं: काटा, डबी, ताईत, दोन महिने.

"तुमी थांबा, चाचा," पंचफुला म्हणाली.

तिनं त्या मुलीला दारातल्या उजेडात नेलं. तिची बोटं धरून आपल्या गालावर ठेवली आणि खड्ड्यांवरून हळूच फिरवली.

"लागले हाताले? हे फोडल्यानं झालं. हे आता जात नाई."

मुलीचे डोळे भरून आले. दाराशी बसलेल्या बाया टक लावून बघत होत्या. शाळेची घंटा वाजली, तरी मुलीनं स्वतःहून हात काढून घेईपर्यंत पंचफुलानं गाल हलवला नाही.