गोटीची हजेरी

यंत्रवाल्याने दाराजवळ स्टूल सरकवलं, त्यावर चढून भिंतीवरच्या स्क्रीनचा पहिला स्क्रू काढला आणि खाली न बघताच हात पुढे केला. बाईंनी तो स्क्रू तळहातावर घेतला. मुलं मैदानावर गेली होती. फळ्यावर अर्धवट पुसलेली बेरीज होती आणि बाईंच्या दुसऱ्या हातात खडू तसाच राहिला होता.

"एकच मूल ओळखत नाही म्हणता?"

"एकच. पण तसं काही अडत नाही हो आमचं. राहू दिलं तरी चालेल."

त्याने चष्म्यावरून खाली पाहिलं. केस पिकेपर्यंत शाळाशाळांतून फिरला होता तो. दुरुस्ती लवकर करा म्हणून मागे लागणारे शिक्षक त्याने पुष्कळ पाहिले होते, नको म्हणणाऱ्या बाई पहिल्यांदाच भेटत होत्या.

"मोठ्या बाईंनी बोलावलंय मला. तसाच परत गेलो तर माझीच गैरहजेरी लागायची."

बाई हसल्या, पण स्क्रूची मूठ घट्ट मिटली गेली.

हे यंत्र पहिलीच्या वर्गात आलं त्याला फार दिवस झाले नव्हते. मूल आत येताना समोर क्षणभर थांबायचं, स्क्रीनवरची चौकट हिरवी व्हायची, टिंग वाजायचं, की लागली हजेरी. ज्याचा चेहरा यंत्राला पटत नसे त्याचं नाव स्क्रीनवर तसंच राही. ते बाईंनी मोठ्याने घ्यायचं आणि मूल बोललं की बोटाने नोंदवायचं. शिक्षकांसाठी असंच एक कार्यालयात लावलं होतं.

बाईंचा यंत्रांवर राग नव्हता. मातीखालचा दाणा फुटून कोंब वर येतो ते स्क्रीनवर दाखवा म्हणून त्यांनीच हट्ट धरला होता, आणि ते बघताना वर्गभर उघडी राहिलेली तोंडं त्यांना घरी गेल्यावरही आठवत होती. हजेरीचा वेळ वाचला तर त्यात एक अख्खी गोष्ट सांगून होई. तक्रारीला जागा नव्हती.

तरी सकाळी खुर्चीवर बसलं की काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे. रोजचा नेम चुकल्यावर वाटतं तसं. इतकी वर्षं दिवस सुरू व्हायचा तो त्या एका शब्दाने. कुणाचं 'हजर' दार ठोठावल्यासारखं, कुणाच्या 'हजर'मधला 'र' संपता संपायचा नाही, आणि कुणी मित्राचं नाव आलं की त्याच्याही वाटचं ओरडून मोकळा. मान वर न करता बाईंना कळायचं, कोण रडून आलंय, कुणाच्या अंगात कणकण आहे, कुणाचं घरी भांडण झालंय.

त्या लहान असताना त्यांचे वडीलही झोपण्याआधी मुलांची नावं घ्यायचे, थोरलीपासून धाकटीपर्यंत. अंथरुणातून एकेक 'हजर' यायचं. बाई सगळ्यांत धाकट्या. त्यांचं झालं की मगच दाराची कडी लागायची, आणि त्या आवाजानंतर कशाचीही भीती वाटायची नाही. आता त्यांना नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. घरी त्या आई आणि आजी होत्या, शेजारी काकू, आणि शाळेत बाई.

जिचा चेहरा यंत्र ओळखत नव्हतं ती गोटी. गोल तोंड, गोल डोळे, आणि पकडायला जावं तर हातातून निसटणारी. हे नाव तिच्या आईनेच ठेवलेलं. आई शिवणकाम करायची. वर्ष सुरू होताना मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून शांतपणे सांगितलं होतं, न बोलणाऱ्या मुलांसाठी गावाच्या दुसऱ्या टोकाला वेगळी शाळा आहे, तिथे चांगली काळजी घेतात. आई पिशवीचा बंद पिळत उभी राहिली होती. घरी बोलते हो ती, माझ्याशी बोलते, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. तेव्हा बाई मध्ये पडल्या. माझ्या वर्गातही रोज बोलते, हे वर्ष जाऊ द्या, असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं. नाव घेतलं की गोटी 'हजर' म्हणायची. दिवसभरात तेवढंच.

मग यंत्र आलं. गोटी समोर उभी राहिली, टिंग झालं, ती जागेवर जाऊन बसली. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बाईंनी नाना तऱ्हा करून पाहिल्या, ती नुसती बघत राही. मुख्याध्यापिकांकडे जावं तर सांगणार काय? तिचं सगळं बोलणं या यंत्राने नेलं असं म्हटलं, तर सगळं म्हणजे किती, हा प्रश्न पुढे यायचाच.

आणि एका सकाळी गोटीचं नाव स्क्रीनवर तसंच राहिलं. बाईंनी ते जपून, सावकाश घेतलं.

"हजर," गोटी म्हणाली. गंजलेली बिजागरी हलावी तसा आवाज आला.

तेव्हापासून रोज तसंच होत होतं. यंत्र बिघडलं, ही देवाचीच दया, असं मनाशी म्हणून बाईंनी सकाळच्या प्रार्थनेत एक नमस्कार वाढवला होता. पण रोज एकाच मुलीची हजेरी हाताने लागते हे कार्यालयाच्या नजरेतून सुटलं नाही.

यंत्रवाल्याने स्क्रीन टेबलावर आडवी ठेवली, वायर जोडून आपल्या लॅपटॉपवर बराच वेळ काहीतरी उघडझाप केली. कॅमेरा नीट होता. जोडणी नीट होती. त्याने डोकं खाजवलं, आणखी काहीतरी उघडलं, आणि एकाएकी त्याचे खांदे हलायला लागले.

"बाई, इकडे या जरा. न ओळखलेले चेहरे हे ठेवून देतं, ते बघा."

ओळीने गोटीच होती. गाल फुगवलेली. डोळे गच्च मिटून नाक आक्रसलेली. वेणीची मिशी लावलेली. गळ्यापाशी सदरा ओढून कपाळापर्यंत आत गेलेली. आजच्या चित्रात दोन्ही हातांच्या बोटांनी तोंड कानापर्यंत ताणलेलं होतं.

"यंत्र ठणठणीत आहे," तो डोळे पुसत म्हणाला. "तुमची ही बया वात्रट आहे. एकदा कान धरा, उद्यापासून सुरळीत."

बाई जवळच्या बाकावर बसल्या. बाक मुलांचा, गुडघे पार वर आले. मुठीतले स्क्रू त्यांनी मांडीवर ठेवले.

"ओळखलं नाही तर नाव घ्यावं लागतं," त्या हळूच म्हणाल्या. "ते कळलंय तिला."

त्याला काही उमगलं नाही. तेव्हा त्यांनी हलक्या आवाजात, लागेल तेवढंच सांगितलं, शिवणकाम करणारी आई, ती दुसरी शाळा, तो एक शब्द. तो चष्मा पुसत ऐकत होता. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ही चित्रं काढून टाकू?"

बाईंनी मान डोलावली. तो एकेक चित्र पुसत गेला. शेवटच्यापाशी त्याचं बोट जरा थांबलं. बाईंनी ते डोळे भरून पाहून घेतलं आणि मग "हं," म्हणाल्या.

स्क्रीन पुन्हा भिंतीवर चढली. मुख्याध्यापिका दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा तो शेवटचा स्क्रू आवळत होता. खिडकीचा उजेड येतो, त्याने गंभीरपणे सांगितलं, पडदा लागेल, वर कळवावं लागेल.

"किती दिवस जातील?"

"वरून यायचा म्हटल्यावर काय सांगू? मूल तोवर चौथीत जाईल."

मुख्याध्यापिकांनी सुस्कारा टाकला. तोवर बाईंनी नाव घेऊनच लावावी हजेरी, असं म्हणून त्या वळल्या. पावलं दूर गेल्यावर बाई म्हणाल्या, "माझ्यापायी खोटं बोलावं लागलं तुम्हाला."

"खोटं कसलं?" त्याने स्टूल उचललं. "उजेड येतोच की खिडकीतून."

दुसऱ्या दिवशी बाई नेहमीपेक्षा थोड्या लवकर आल्या. कार्यालयात मुख्याध्यापिका एकट्याच टपाल उघडत बसल्या होत्या. बाई भिंतीवरच्या यंत्रासमोर उभ्या राहिल्या. चौकट त्यांच्या चेहऱ्याभोवती जमायला लागली. त्यांनी एकवार मागे पाहिलं, मग पुढे होऊन गाल फुगवले आणि डोळे गच्च मिटून घेतले.

टिंग वाजलं नाही.

"आता तुमचंही का?" मुख्याध्यापिका कुरकुरत उठल्या. त्यांनी डोळ्यांवर चष्मा चढवला, स्क्रीनवर उरलेलं नाव शोधलं आणि मोठ्याने, पूर्ण वाचलं.

बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"हजर," त्या म्हणाल्या. आवाज अंथरुणातून यावा तसा बारीक होता.